भट्टीकडचं टोक

“तुझा बाप तिथंच असतो ना? मग तू भट्टीकडंच थांब. तुमच्या लोकांना धगीची सवय असते.”

सर हसत हसत म्हणाले. मिलच्या मालकाचा मुलगा शेजारी होता. तोही हसला. मग बुटांकडं बघत राहिला.

मी यंत्राचा डबा उचलला आणि भट्टीकडं गेले.

जालन्यातली लोखंडाची मिल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. आम्ही दोघं, मी आणि मालकाचा मुलगा. सर मार्गदर्शक. भट्टीजवळच्या डब्यातून तापमानाचा आकडा रेडिओ लहरींवर केबिनमध्ये जायचा. वायर टाकली की जळायची, म्हणून बिनतारी. पण वरची क्रेन सरकली की मोटारीतून ठिणग्या उडायच्या आणि लहरींमध्ये घाण मिसळायची. इकडून सोळाशे पाठवावं, तिकडं नऊशे उमटावं. केबिनमधला माणूस त्या आकड्यावर विसंबून लोखंडाचा रस ओतायला सांगतो. खाली माणसं असतात. माझा बाप असतो.

आकडा जातो तो शून्य आणि एक अशा बिटांच्या माळेतून. सरांनी शिकवलेली रीत अशी की, आलेला बिट शून्य आहे की एक, हे रिसीव्हरनं तिथल्या तिथं ठरवायचं. शंका असली तरी ठरवायचं. कागदावर ती चालायची, कारण कागदावर लहरींतला गोंगाट सगळीकडं सारखा. मिलमधला झटक्यानं यायचा, सगळं तुडवायचा आणि जायचा. मी तीन महिने बापाच्या पाळीत बसून नोंदी घेतल्या. सरांनी निम्म्या काढून टाकल्या.

“खराब रीडिंग आहेत. हात धुऊन लावत जा मशीनला.”

मालकाच्या मुलाच्या नोंदींना सर कधी खराब म्हणाले नाहीत. तो नोंदी घ्यायला येतच नव्हता.

वाट मला बापामुळं सापडली. मिलमध्ये आवाजानं काही ऐकू येत नाही. खालचा माणूस हातानं खुणा करतो, क्रेनवाला त्या बघून क्रेन हलवतो. धुरात खूण नीट दिसली नाही तर तो उघडा पंजा दाखवतो आणि क्रेन जागेवर थांबवतो. मी बापाला विचारलं, अंदाजानं का हलवत नाही?

“अंदाज करायचाच न्हाई, माय. अंदाजानं माणूस जातंय. दिसलं न्हाई तं दिसलं न्हाई म्हणायचं. पुढची खूण दिसली की मंग मागचीबी कळती बराबर.”

मी तेच रिसीव्हरला शिकवलं. झटका आला, की त्या वेळचे बिट त्यानं ठरवायचे नाहीत, मोकळे सोडायचे. आकड्यासोबत पडताळणीचे जादा बिट पाठवलेले असतात. त्यांवरून मोकळ्या जागा भरता येतात. चुकीचा बिट आधी हुडकावा लागतो, मग दुरुस्त करावा लागतो. मोकळा कुठं आहे ते माहीतच असतं. म्हणून तेवढ्याच जादा बिटांत जास्त नुकसान भरून निघतं. आणि फारच नुकसान झालं तर केबिनमध्ये आकडा उमटतच नाही. खोटा उमटत नाही.

सरांनी मला भट्टीकडं पाठवलं त्या दिवशी हे यंत्र बघायला बाहेरून पाहुणे आले होते. सरांनी मला फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. इअरफोनमधून मला सगळी केबिन ऐकू येत होती. एसीची घरघरसुद्धा.

मालकाचा मुलगा बोलत होता. चांगलं बोलत होता. एका पाहुण्यानं विचारलं, “बिट सोडून दिल्यावर माहिती उलट कमी नाही का होत?”

मालकाचा मुलगा अडखळला.

मग सरांची कुजबुज, थेट माझ्या कानात. “ए, ऐकतेस का? सोडून दिल्यानं फायदा काय? जल्दी सांग.”

आणि मी सांगितलं.

हे लिहिताना अजून लाज वाटते. फोन बंद करता आला असता. पण शाळेपासून मला एकच येत होतं. कुणी प्रश्न विचारला की उभं राहायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं. वर्गात सर “स्कॉलरशिपवाले उभे राहा” म्हणायचे, तेव्हाही मी ताठ उभी राहायचे. मी म्हणाले, “खोट्यापेक्षा मोकळं परवडतं, सर. खोटं आधी हुडकावं लागतं.”

क्षणभरानं तेच वाक्य सरांच्या आवाजात. मोठ्यानं. टाळ्या.

माझ्या वाक्याच्या टाळ्या मी भट्टीपाशी डबा छातीशी धरून ऐकल्या. हात भाजत होते. डबा खाली ठेवता येत नव्हता. आकडे चालू होते.

पाळी सुटल्यावर बापानं विचारलं, “काय म्हणले सर?”

“चांगलं झालं म्हणले.”

त्यानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. खूश होता.

आठवड्यानं सरांनी एक फॉर्म पुढं सरकवला. ही पद्धत शोधनिबंध म्हणून पाठवायची होती. लेखक दोन, सर आणि मालकाचा मुलगा. तळाला बारीक अक्षरात माझं नाव, ‘नोंदी घेण्यास सहकार्य’. आणि एक ओळ, ‘या कामावर माझा कोणताही हक्क नाही.’ पुढं सहीची जागा.

“सर, पद्धत माझी आहे.”

“कोण म्हणतं?”

मी मालकाच्या मुलाकडं बघितलं. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, “जाऊ दे ना यार. नाव आहे की तुझं त्यात.”

“फुकट फीवर शिकायचं आणि वर नाव पाहिजे,” सर म्हणाले. “सही कर. नाहीतर प्रोजेक्टचे मार्क विसर.”

घरी बाप म्हणाला, “कर सही, माय. डिग्री तं हातात यील.”

त्या डिग्रीसाठी तो भट्टीपुढं उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म तसाच परत दिला. सरांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मी नापास झाले. निबंध त्या दोघांच्या नावानं गेला. प्राचार्यांकडं तीन अर्ज दिले. क्लार्क म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. बाप माझ्याशी कामापुरतं बोलतो. मिल त्याच मालकाची आहे आणि तो रोज तिथंच जातो. मी काही करू शकत नाही.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा पुन्हा आहे, त्याच सरांपुढं. ते विचारतील, पद्धत कुणाची? मी माझं नाव सांगेन. ते पुन्हा नापास करतील. पुढच्या वर्षी पुन्हा सांगेन.

ते मार्क कापू शकतात. सही मी देणार नाही.