आतोबांची बांधणावळ

आमच्या आतोबांइतका खोटं बोलण्याच्या कामी नालायक माणूस मी उभ्या माळव्यात पाहिला नाही. आत्याची भाजी खारट झाली की पंगतीतले बाकीचे "वा, वा" म्हणत, आतोबा तांब्या जवळ ओढून म्हणत, "मीठ उत्तम झालंय. भाजी जरा कमी पडली." ते पगडबंद होते. देवासच्या दरबारी मंडळींच्या पगड्या लाकडी साच्यावर बांधून देण्याचं काम त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. आपली पगडी ते रस्त्याच्या पलीकडूनही ओळखत आणि भल्याभल्यांना हटकत, "थांबा, हा पेच कुणी उचकटला?" एकदा वरातीतल्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवून त्यांनी पगडी पुन्हा बांधली. मुहूर्त टळला. मुलीचे वडील संतापले तेव्हा आतोबा म्हणाले, "मुहूर्त वर्षात पुष्कळ निघतात, डोकं एकच असतं." आणि कुणीतरी त्यांच्या उमेदवारीच्या काळातली एक वाकडी पगडी दाखवून, "ही कुण्या शहाण्याने बांधली हो?" असं विचारलं, तर त्यांनी ती हातात फिरवून सांगितलं, "मीच. तेव्हा मला येत नव्हतं." आपलं काम त्यांनी कधी नाकारलं नाही. एकदा नाकारलं. ते मी पाहिलं आहे, आणि ते पाहणारा मी एकटाच आता उरलो आहे, म्हणून हे लिहितो.

ज्यांनी तेव्हाचं देवास पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की त्या एका गावात दोन राज्यं होती, दोन पात्या. बाजाराच्या रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, दुसरी दुसऱ्यांची. अलीकडे गुन्हा केलेला माणूस पलीकडे जाऊन पान खात असे. आमचं घर आणि आतोबांचं घर एकाच पातीत होतं. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. माझे वडील त्याच पातीच्या फौजदारीत कारकून होते.

दिल्लीच्या मोठ्या कायदेमंडळाच्या निवडणुका तेव्हा नव्यानेच सुरू झाल्या होत्या. नर्मदेपलीकडच्या इंग्रजी मुलुखातले एक वकील उभे होते, आणि संस्थानांतल्या रयतेचं गाऱ्हाणं आपण दिल्लीत मांडू असं सांगत होते. आम्हा संस्थानी लोकांना मत नव्हतं. आतोबांनी त्यावर असा विचार काढला की, "आपल्याला मत नाही हे खरं, पण आपल्या रुपयाला कुणी मना केलंय?" आठ दिवसांत दरबारने मना केलं. बाहेरच्या निवडणुकीसाठी वर्गणी अगर चंदा जमवणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही शिक्षा, अशी दवंडी पिटली. सगळे गप्प बसले. आतोबांनी दवंडीवाल्याला थांबवून ती पुन्हा म्हणायला लावली, आणि शांतपणे विचारलं, "वर्गणी आणि चंदा. बांधणावळ नाही ना यात?"

बांधणावळ म्हणजे पगडी बांधण्याची मजुरी. त्या महिन्यात देवासमधल्या पगड्यांना काय झालं देव जाणे, धडाधड सुटू लागल्या. परवा बांधलेली पगडी आज पुन्हा बांधायला यायची. बांधणावळ एरवी काही आणे. आता लोक आपखुशीने रुपया ठेवायचे. जन्मभर टोपी घालणाऱ्या एका सावकाराने दोन पगड्या बांधून घेतल्या आणि त्या घालायच्या कुठे म्हणून देवघरात ठेवल्या. लोक म्हणत, "अहो आतोबा, बांधू नका, रुपया घ्या नुसता." ते ऐकायचे नाहीत. "न बांधता घेतला तर तो चंदा झाला. उद्या विचारलं तर मी काय सांगू?" रुपयाला एक पगडी, सगळे पेच, पूर्ण. त्यांची बोटं ओल्या मलमलीने पांढरीफटक पडली होती. माझ्या वडिलांनीही एक बांधून घेतली. घरात आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आई त्या दिवसापासून दाराची कडी वाजली की दचकायची.

मग वकिलांचा माणूस पैसे न्यायला आला आणि त्याने नवीनच फास आणला. इंग्रजी कायद्याप्रमाणे उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागे, आणि पैसे कुणी दिले त्याचं नावही. "नाव नसलेला पैसा निघाला तर आमची निवड रद्द होईल," तो म्हणाला. म्हणजे नाव दिलं तर दरबार धरणार, न दिलं तर इंग्रज. आतोबांनी साच्यावरच्या पगडीचा पेच पुरता बसवला. मग म्हणाले, "नाव कुणाचं लागतं? रुपया ज्याने दिला त्याचं की ज्याने कमावला त्याचं?"

"पैसा ज्याचा असेल त्याचं."

"मग माझं लिहा. मी बांधून कमावलाय."

वकील निवडून आले. हिशेब सरकारात दाखल झाला, आणि त्यातलं देवासचं ते एकुलतं नाव फिरत फिरत आमच्या दरबारात पोचलं. आतोबांना चौकीत बोलावलं. वडील तिथे जबाब लिहायला बसलेले. आत्याने पाठवलं म्हणून मी मागोमाग गेलो आणि खांबाला टेकून उभा राहिलो.

फौजदार मालवी माणूस, गोड बोलणारा. "बोलो भिया, इत्तो रुपयो कां से आयो?"

"बांधणावळ."

"किन किन की बांधी?"

"डोकी लक्षात राहतात साहेब, नावं राहत नाहीत."

फौजदार हसला. मग हसणं तसंच ठेवून त्याने मान वळवली आणि वडिलांच्या डोक्याकडे पाहिलं. वडिलांनी त्या दिवशी नेमकी तीच पगडी घातली होती. दुसरी नव्हतीच. "कारकूनजी, तमारी तो नवी दीखे है," तो म्हणाला. वडिलांचा बोरू थांबला. चौकीबाहेर कुणी धान्य पाखडत होतं तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. फौजदाराने पगडी उतरवायला लावली आणि आतोबांच्या हातात दिली. "सच बोलना. थारी है के?" हा माणूस खोटं बोलत नाही हे त्यालाही माहीत होतं, साऱ्या गावाला होतं; त्यावरच तर त्याची भिस्त होती.

आतोबांनी पगडी उजेडात धरली. एकेका पेचावरून बोट फिरवलं. आणि ती टाकल्यासारखी खाली ठेवून म्हणाले, "ही? असलं ढिसाळ काम मी मेलो तरी करायचो नाही. कुण्या भामट्याने बांधलीय. तुम्ही कारकुनांना पगार कमी देता, दुसरं काय."

फौजदाराने त्यांच्याकडे पाहिलं, पगडीकडे पाहिलं आणि वडिलांना म्हणाला, "लिखो." वडिलांनी लिहिलं.

आतोबांना हद्दपार केलं. ते रस्ता ओलांडून समोर गेले. इथवर ही हसण्याचीच गोष्ट आहे. पलीकडच्या पातीत एक खोली घेऊन ते बसले आणि साच्यावरून मान वर करून स्वतःच्या घराकडे पाहू लागले. आत्या दारात उभी राहून ओरडायची, "जेवण झालंय, यायचं!" आणि मग डबा पोराबरोबर पाठवायची. नवऱ्याला 'इकडची स्वारी' म्हणायची तिची जुनी रीत, शेजारणींना सांगे, "आमची इकडची स्वारी आता तिकडे असते हो." पुढे वकिलांकडून आतोबांना शाल आली, मानाची, आणि ज्यांनी रुपये दिले होते त्यांचीच तोंडं वाकडी झाली. पैसा आमचा, शाल यांना? आपली नावं का वगळली याचा विचार कुणी केला नाही. आतोबांनी सांगितलं असतं, पण सांगायचं म्हणजे नावं घ्यायची.

एका मुंजीच्या जेवणात कुणीतरी वडिलांना विचारलं, "काय हो, तुमचाही रुपया होता ना त्या शालीत?" पंगतीत दरबारचे लोक बसले होते. वडिलांचा घास हातातच राहिला. मी वाढत होतो. मी मोठ्याने म्हणालो, "लोक टोपी घालतात, आमच्या आतोबांनी अख्ख्या देवासला पगडी घातली." हशा झाला, विषय बुडाला, वडील जेवले. ते वाक्य मात्र पानावरून उठून गावभर गेलं. पलीकडच्या पातीतही पोरं आतोबांना पाहून म्हणू लागली, "पगडी घालता का?" वर्षभरात ते आत्याला घेऊन धारला गेले. मी ते वाक्य पुढेही कित्येक बैठकींत म्हटलं आहे, कारण लोक हसत.

वडील गेल्यावर त्यांची ती पगडी घेऊन मी धारला गेलो. चौकीतल्या त्या दिवसानंतर त्यांनी ती डोक्यावर घातली नव्हती. आतोबांची नजर अधू झाली होती. त्यांनी ती मांडीवर घेतली, बोटांनी पेच चाचपले.

"ढिसाळ म्हणालो होतो हिला," ते म्हणाले. "चांगली बांधलीय रे. त्या महिन्यातली सगळ्यात चांगली हीच."

मी काही बोलणार होतो. पगडी घातल्याचं ते वाक्य कुणाचं, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. त्यांनी एक उचकटलेला पेच बसवला, कड दाबली आणि पगडी माझ्या हातात दिली. सवयीने माझा हात खिशाकडे गेला.

"राहू दे," आतोबा म्हणाले. "हिची बांधणावळ तुझ्या वडिलांनी तेव्हाच दिलीय."