वादळात धरलेला बांबू
ओल्या बांबूचा वास आला की मला तो वादळाचा दिवस आठवतो. आमच्या शेजाऱ्याने माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या अँटेनाची वायर, आपल्या माडावर नको म्हणून, कोयत्याने तोडली होती. वादळात मोबाईल बंद पडले तेव्हा तोच रडवेला होऊन पडवीत आला, "झील दर्यात आसा रे, खंय पोचलो ता इचार!" मी तीच वायर बांबूला बांधली. "हो बांबू धरून अंगणात उभो ऱ्हव. सोडलंस तर आवाज जातलो." त्याचा मुलगा आचऱ्याच्या बंदराला सुखरूप लागल्याचं तिथल्या हॅमवाल्याने सांगितलं, ते मी लगेच ओरडून कळवलं. पण तालुक्याला वाऱ्यापावसाची खबर देणं संध्याकाळपर्यंत चाललं आणि तोवर तो तसाच भिजत उभा होता. बांबू पडवीच्या खांबाला बांधूनही भागलं असतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.