कोलंबोत अडकलेली बाग

आमच्या द्राक्ष एक्स्पोर्ट ग्रुपचा माल वेळेवर क्वचितच पोचला. किस्से मात्र दर सीझनला पोत्यानं यायचे! नव्वदच्या दशकात ओझरजवळच्या पॅकहाउसचं ऑफिस मी सांभाळायचो. म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचं खातं माझ्याकडे होतं.

*

ग्रुपमधले सगळ्यात जुने बागाईतदार म्हणजे नाना. त्यांना मी पहिल्यांदा समजावलं, "आपल्याकडे मोठी जहाजं फारशी लागत नाहीत. छोटं जहाज कंटेनर कोलंबोला नेणार, तिथं तो मोठ्या जहाजावर चढणार, मग युरोप."

नाना बघतच राहिले. "म्हंजे ओझरहून पंचवटीला जायचं, तर आधी मालेगावला जाऊन गाडी बदलायची?"

"हो."

"आन् ती गाडी चुकली तर?"

मी चहा मागवला.

*

पहिला कंटेनर भरला. नानींनी हार घातला, नारळ फोडला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि नाना आडवे! "थांब! राहुकाळ लागलाय."

राहुकाळ सरेपर्यंत कसारा घाटात जाम लागला. आमची गाडी पोचली तेव्हा बंदराचं गेट बंद, जहाज गेलेलं! पुढचं जहाज पुढच्या आठवड्यात.

नानी म्हणाल्या, "राहू टाळला, आता शनी भोगा." आम्ही हसलो. दुसरं करणार तरी काय?

*

शहरातल्या एका हॉटेलात सेमिनार होता. सरकारी साहेब दरवर्षीचेच, वाक्यही तेच. "येत्या पाच वर्षांत आपलं स्वतःचं हब पोर्ट! कोलंबोची गरजच नाही!"

नाना उठले. "साहेब, तोडलेलं द्राक्ष पाच वर्षं टिकतं का?"

"टेक्निकल प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी जेवण होतं.

परत येताना जीपमध्ये नाना म्हणाले, "लय झालं. औंदा माल धड पोचला नाय, तर बाग ठेवत नाय." तीस वर्षांची बाग. वडिलांबरोबर स्वतःच्या हातानं लावलेली.

*

त्या वर्षी मुहूर्त बघितला नाही. माल वेळेत निघाला, कोलंबोलाही पोचला. तिथं मोठं जहाज फुल्ल! एजंट रोज फोनवर एकच सांगायचा, "नेक्स्ट व्हेसल."

पॅकिंगला हरसूलचा देवराम यायचा. त्यानं विचारलं, "आपला डबा अजून थयच?"

"हो रे. कोणी उचलतच नाही."

"आमी बी मजुरीसाठी नाक्यावर तसंच बसतो," तो म्हणाला. "उन्हं चढली का मग कोणीच नाय उचलत."



*

अखेर युरोपातून गिऱ्हाइकाचा फोन आला. मी ऐकत होतो, नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हंतोय?"

"म्हणतोय, चव उत्तम आहे. पण देठ सुकलेत, मणी काळे पडलेत."

"मंग डोळे मिटून खा म्हणावं!"

सगळं ऑफिस हसलं. नाना हसले नाहीत. चप्पल घालून घरी गेले.

*

पुढं काही वर्षांनी, एका सकाळी टीव्हीवर बातमी आली, हब पोर्टला मंजुरी! आम्ही पेढे घेऊन थेट नानांच्या अंगणात.

नाना बंबापाशी बसले होते. मागं भिंतीला लागून द्राक्षाच्या खोडांची रास, छातीएवढी.

"नाना, आता मोठं जहाज आपल्याच दारात!"

"बरं झालं." त्यांनी एक खोड उचललं, साल झटकली आणि बंबात सारलं.

"पाणी चांगलं कढत झालंय," ते म्हणाले. "कोणाची आंघोळ ऱ्हायलीय का?"