जहाजाच्या सिनेमावर ताईचं मत

सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या लोकांना अडवून त्यांचं मत विचारण्याची पद्धत जुनी आहे. मी वर्तमानपत्रात लागले तेव्हा आम्ही हे काम वही-पेन घेऊन करायचो. शनिवारच्या अंकात चार प्रेक्षकांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली दोन वाक्यं. लोकांची वाक्यं ठरलेली असत. ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘पहिला भाग चांगला, नंतर लांबलाय.’ आता माइकला केसाळ कापड गुंडाळलेलं असतं आणि मत मोबाइलवर घेतलं जातं. वाक्यं फारशी बदललेली नाहीत.

मागच्या पावसाळ्यात भुताच्या जहाजाचा एक हिंदी सिनेमा आला होता. नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला सकाळच्या खेळाला मी आणि माझी थोरली बहीण गेलो होतो. ताई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. सकाळचा खेळ स्वस्त असतो म्हणून ती कुठलाही सिनेमा सोडत नाही. गोष्ट अशी होती: भंगारात निघालेलं एक मालवाहू जहाज. ते तोडायला आलेल्या मजुरांना खालच्या कोठीतून ठोकल्याचे आवाज येतात. पूर्वी कधीतरी त्या कोठीत आग लागलेली असते. वारा मिळाला तर आग वाढेल म्हणून मालकाने आत माणसं असताना वरचं झाकण बंद करायला लावलेलं असतं.

बाहेर पडल्यावर जिन्यापाशी एक तरुणी माइक घेऊन उभी होती. तिचा नवरा मोबाइल धरून होता. दोघांचं सिनेमाच्या प्रतिक्रियांचं चॅनेल होतं. आमच्या पुढे अंबडच्या कारखान्यातले तिघे होते, रात्रपाळी करून थेट आलेले.

“कसा वाटला?”

“एसी भारी होता,” एक म्हणाला.

“अहो, भुताचं सांगा ना.”

“भूत लय उशिरा आलं. तोवर हा झोपला होता.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते. आमचा सुपरवायझर याच्यापेक्षा भयानक आहे.”

मग माइक ताईसमोर आला. पांढरे केस आणि हातात कापडी पिशवी असलेली बाई भुताच्या सिनेमाला येते, हे त्या तरुणीला आवडलं असावं. ताईचं उत्तर मी शेजारी उभी राहून ऐकलं. ते असं होतं:

“हो, मी किंचाळले. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं, इतक्या मोठ्याने. माझे हात थरथरत होते. या वयात असं होईल असं वाटलं नव्हतं. आता विचार करा, मी कशाला घाबरले? भूत तेव्हा पडद्यावर नव्हतंच. लोखंडी झाकण दाणकन आपटलं, त्या आवाजाला दचकले. घरात कुकरची शिट्टी अचानक झाली तरी मी दचकते. म्हणून कुकरमध्ये भूत असतं का? भूत नसतं. पण सिनेमा चांगला आहे, बघा. त्यात भीती वाटावी असा एकच माणूस आहे, झाकण बंद करायला लावणारा.”

संध्याकाळी चॅनेलवर आलं ते पहिल्या चार वाक्यांपुरतं. थरथरत्या हातांपाशी घंटेचा आवाज जोडला होता. वर शीर्षक: ‘रिटायर्ड टीचर थिएटरमध्ये किंचाळल्या’.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी अनेक वर्षं उपसंपादक होते, त्यामुळे काय झालं ते लगेच कळलं. बातमीत महत्त्वाचं आधी येतं. जागा कमी पडली की शेवटून कापतात, आणि शेवटून कापलं की बिघडत नाही. ताईचं बोलणं उलट बांधणीचं आहे. ती आयुष्यभर वर्गात बोलली. आधी मुलांच्या मनात जे असेल ते स्वतः बोलून दाखवायचं, मग प्रश्न, मग उदाहरण आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. अशा माणसाचं बोलणं शेवटून कापलं की नेमकं ज्याच्या विरुद्ध ती बोलत होती तेवढंच उरतं.

मी त्या तरुणीला फोन केला. ती नम्रपणे बोलली. “मॅडम, आम्ही काहीच घातलेलं नाही. काकू स्वतःच बोलल्यात. आणि आमचा आजवरचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे हा. काढायला नका सांगू. पाहिजे तर आपण दुसरा भाग करू, काकूंचं उत्तर.”

ताई म्हणाली, “उत्तर दिलेलं आहे. तेच लाव म्हणावं.” ते लागलं नाही.

दुसऱ्या बाजूनेही फोन आले. ताईची काही मित्रमंडळी अंधश्रद्धेविरुद्ध काम करतात. त्यांना वाटत होतं की तिने व्हिडिओ बनावट असल्याचं जाहीर करावं. त्यातले एक निवृत्त प्राध्यापक घरीच आले. “बाई, तुम्ही घाबरलाच नव्हता, एवढंच म्हणा. लोकांना बारकावे कळत नाहीत.”

“पण मी किंचाळले होते.”

“हो, पण ते सांगायची काय गरज?”

“झालं ते सांगायचं नाही, मग तुमच्यात आणि भगतात फरक काय राहिला? चहा घ्या.” त्यांनी चहा घेतला. पुन्हा तो विषय काढला नाही.

इथवर प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं होतं. नंतर इगतपुरीच्या पुढच्या एका गावातून फोन आला. ताईची पहिली नेमणूक त्या गावात होती. शाळेची मागची खोली वाईट आहे, तिथे कोणी टिकत नाही, अशी तेव्हा समजूत होती. ताई स्टोव्ह आणि वळकटी घेऊन त्याच खोलीत राहायला गेली आणि बदली होईपर्यंत तिथेच राहिली. ‘बाई भुताला भीत नाय’ हे त्या गावात म्हणीसारखं झालं होतं. या शब्दाच्या जोरावर तिने पुढे पुष्कळ कामं करून घेतली. अलीकडचं काम तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं. मुलीला फिट यायच्या. गावात त्याला फेफरं म्हणतात आणि बाहेरची बाधा मानतात. ताईने बापाला गाठून मुलीला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणवलं. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट जवळजवळ थांबल्या. मुलगी घोटीला अकरावीत जाऊ लागली.

फोन त्या मुलीचाच होता. आईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात.

“बाई, मोठ्या बाबांनी माझ्या गोळ्या बंद केल्या. तुमचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवलाय त्यांनी. म्हणत्यात, बाईपण घाबरल्या, म्हणजे काहीतरी असतंय. अमावस्येला भगताकडं न्यायचंय मला.”

“बाबा काय म्हणतो तुझा?”

“बाबा गप हाय.”

अशा गोळ्या अचानक तोडल्या तर फिट आधीपेक्षा जोरात येऊ शकतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ताईने फोन ठेवला आणि पिशवीत छत्री टाकली. मी गाडी काढली.

वाटेत मी तिला सांगितलं की तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ‘भूत नसतं’ हेच बोल. निष्कर्ष आधी. लोक पुढचं ऐकतीलच असं नाही.

ती म्हणाली, “निष्कर्ष आधी सांगितला तर तो माझा राहतो. त्यांचा होत नाही.”

“तू मागच्या वेळी असंच बोललीस, त्याचं काय झालं ते बघितलंस ना?”

“ते कापणाऱ्याने केलं. मी का बदलू?”

इगतपुरी सोडल्यावर पाऊस इतका होता की खाचरं आणि रस्ता वेगळे ओळखू येत नव्हते. भाताची लावणी चालू असल्याने गावात माणूस दिसत नव्हता. मुलीच्या घरी मात्र सगळे होते. बाप चिखलाचे पाय धुऊन नुकताच आत आला होता. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचे मोठे बाबा, खुर्चीवर. आजी चुलीपाशी. मुलगी दाराच्या कडेला, आई तिच्या मागे.

थोरल्याने उठून ताईला खुर्ची दिली. आदर कमी नव्हता. मग मोबाइल पुढे केला.

“बाई, ह्ये तुमीच हायेत ना?”

“मीच आहे.”

“मंग? किंचाळल्या का नाय?”

“किंचाळले,” ताई म्हणाली. “मोठ्याने किंचाळले. हात थरथरत होते.”

थोरला भावाकडे वळला. “ऐकलं? आता बाईंनीच सांगितलं. चल, विषय मिटला.” तो मोबाइल खिशात घालून दाराकडे निघाला. मी ताईकडे बघितलं. ती त्याला थांबवत नव्हती. ती बापाकडे बघत होती, शिक्षक मागच्या बाकाकडे बघतात तसं.

बाप म्हणाला, “दादा, बस. बाईंचं अजून संपलं नाय.”

“अरे, सांगितलं की त्यांनी.”

“तू त्यांच्या हाताखाली नव्हता. त्यांचं असंच असतं. पहिलं बोलल्या त्ये आपलं असतं, त्यांचं शेवटाला येतं. बस.”

थोरला बसला. ताईने मग तो सिनेमा सांगितला. सगळा, जहाज बंदराला लागल्यापासून. त्या घरात कोणी जहाज बघितलेलं नव्हतं, पण मत प्रत्येकाचं होतं.

“एवढं मोठं लोखंड, त्ये भंगारात कितीला जातं?” थोरल्याने विचारलं.

“गप रे,” आजी म्हणाली. “मंग, ठोकतंय कोण?”

“ठोकणारं कोणी दिसत नाही. मजूर खाली उतरतात. अंधार. आणि वरचं झाकण दाणकन आपटतं.” ताईने शेजारच्या पत्र्याच्या पिंपावर हात मारला. आजीच्या हातातली फुंकणी खाली पडली. थोरलाही खुर्चीत हलला.

“तिथे मी किंचाळले,” ताई म्हणाली. “आता तुम्ही दचकलात. कोणाला?”

“पिंपाला,” आजी म्हणाली. “मेलं आमचंच पिंप.”

“पिंपात काय आहे?”

“तांदूळ.”

कोणीतरी हसलं. थोरला हसला नाही. तो म्हणाला, “बाई, पिंपाचं ठीक हाय. पोरगी जमिनीवर पडून हातपाय झाडती, तोंडाला फेस येतो, त्ये पिंप नाय. आमी डोळ्यांनी बघितलंय. आमाला भ्या वाटतं.”

हे तो चिडून बोलला नाही. ताई म्हणाली, “वाटणारच. मलाही वाटलं असतं. घाबरणं खरंच असतं. पण कशामुळे झालं ते घाबरलेल्याला विचारून कळत नाही.” मग तिने मेंदूचं सांगितलं, तारेत जास्त वीज गेली की दिवा कसा फडफडतो ते, आणि गोळी तिथे काय करते ते. हे ती आधीही सांगून गेली होती. थोरला ऐकत होता, पण मान हलवत नव्हता.

“अमावस्येला नुसतं दाखवून आणतो,” तो म्हणाला. “गोळ्या मंग बघू.”

तेव्हा दारातून मुलगी बोलली. आवाज फोनवरच्यासारखा हळू नव्हता.

“मोठे बाबा, फेफरं आलं का तुमी घाबरता. आजी घाबरती. बाबा पळत सुटतो. मला कायच कळत नाय, मी उठते तवा सगळं झालेलं असतं. मी एकदा पण घाबरले नाय. मंग भूत माझ्या अंगात हाय का तुमच्या?”

आईने मागून तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला.

“लय बोलायला लागली,” थोरला म्हणाला.

“घोटीला जाती ना आता,” आजी म्हणाली. तक्रार की कौतुक, ते तिच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं.

“मी भगताकडं येणार नाय,” मुलगी म्हणाली. “उचलून न्या. तिथं पण हेच बोलंन. समद्यांसमोर.”

बाहेर पावसाचा जोर तसाच होता. थोरल्याने मोबाइल काढला, तोच व्हिडिओ पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत बघितला. घंटा वाजली. “ह्यो आवाज सिनेमातला हाय का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. त्या घरात मी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. “तो नंतर घातलाय. आणि पुढचं बोलणं काढलंय. मी शेजारी होते.”

“काढून काय मिळालं त्यांना?”

“लोकांनी जास्त बघितलं.”

तो स्वतःशीच ‘हं’ म्हणाला. व्हिडिओ त्याने पुसला नाही आणि अमावस्येचं रद्द केलं असंही तोंडाने म्हणाला नाही. पण बाप उठून माळ्यावरून गोळ्यांचं पाकीट घेऊन आला, तेव्हा त्याने अडवलं नाही. पाकिटाला धूळ लागली होती. बापाने ते पुसून ताईपुढे धरलं, बरोबर तेच आहे ना बघायला. ताईने चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. मग दवाखान्यात फोन लावून राहून गेलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारलं. आजपासून पूर्वीसारखीच सुरू करा आणि मुलीला लवकर दाखवायला आणा, असं तिकडून सांगितलं. बाप म्हणाला, सोमवारी पहिल्या गाडीने निघतो.

मुलीने बापाच्या हातातून पाकीट घेतलं. गोळी स्वतःच काढली आणि थोरल्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्याकडे बघत तिने ती तशीच कोरडी गिळली.



“अगं,” तो म्हणाला, “पाणी तरी घे.”