तुमच्यात कुठं असतं हे

माझ्या खांद्यावरून मालकिणीनं पदर ओढून काढला. भर दुकानात.

समोर गादीवर आष्ट्याहून बस्ता बांधायला आलेलं आख्खं घर बसलेलं. नवरी, तिची आई, आत्या, चुलत्या. नवरीला दिसावा म्हणून मोरपंखी शालू मी माझ्या अंगावर लावून दाखवत होते. आमचं कामच ते. मालकीण काउंटरमागून उठून आली, पदर ओढला आणि माझ्या शेजारच्या सुनंदाला म्हणाली, "तू लाव गं. हिच्या अंगावर शालू नाही, गादीची खोळ दिसते."

गादीवरचं सगळं घर हसलं. नवरीही हसली. सुनंदानं खाली बघत माझ्या हातातून शालू घेतला.

आणि मीही हसले. ते मला अजून सलतं.

मी धनगराची पोर. कवठे महांकाळच्या पलीकडं आमची वाडी. आई लहानपणीच गेली. आबा आणि थोरला भाऊ मेंढरं राखायचे. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिली. सांगलीत साड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला लागले, तेव्हा आबानं वाडीभर गूळ वाटला होता. सुनंदा आणि मी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती. सुरुवातीला गिऱ्हाईक माझं नाव घेऊन मलाच बोलवायचं. लग्नसराईत दिवसभर उभी असायचे, पण थकायचे नाही.

मग अंग बदलायला लागलं. खाणं तेवढंच, पण अंग सुजल्यासारखं झालं. सगळे पंख्याखाली घाम पुसायचे, आणि मला थंडी वाजायची. आवाज पुरुषासारखा घोगरा. कंगव्यात केसांचे पुंजके. पण हे सगळं मी सोसलं असतं. मन मेलं, ते सोसवेना. दुःख असतं तर निदान कळलं असतं. दुःखही नव्हतं. सकाळी डोळे उघडायचे आणि वाटायचं, आज परत उठायचं? पाण्याचा तांब्या समोर असायचा, हात जायचा नाही. मरावंसं वाटायचं असं नाही. नसावंसं वाटायचं.

त्या बस्त्यानंतर मालकिणीनं मला मागच्या खोलीत टाकलं. बिनखिडकीची खोली. गिऱ्हाइकानं विस्कटलेल्या साड्या तिथं यायच्या, मी घड्या घालायच्या. घडी घालता घालता डोळा लागायचा. ती दारात उभी राहून म्हणायची, "मेंढरामागं झाडाखाली झोपायची सवय यांची. कष्ट जिवावर येतात." मेंढरामागं जन्मभर चालणाऱ्या माणसाची पोर मी. तरी मला वाटायचं, ही म्हणते ते खरंच असेल. असेन मी आळशी. बाकी कशानं हे होईल?

त्या वर्षी आबाची मेंढरं सांगलीजवळच्या एका शेतात खतासाठी बसायला होती. आबा मला भेटायला दुकानावर आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. त्याला पायरीवर बसू दिलं नाही. गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. तो रस्त्याच्या पलीकडं, दुपारच्या उन्हात, माझी सुट्टी होईपर्यंत उभा राहिला.

मी समोर गेले तर आधी त्यानं मला ओळखलंच नाही.

"बाय, तुजा आवाज आसा कशानं झाला?"

"काय न्हाई, आबा. आळशी झालीया मी. समदी म्हंत्यात."

त्यानं माझा सुजलेला चेहरा नीट न्याहाळला. मग म्हणाला, "कळपात एकांदं मेंढरू मागं ऱ्हायला लागलं तर आपुन त्येला आळशी म्हनत न्हाई. त्येला कायतरी झालंय, आसं म्हंतो. सकाळी मिरजंला जाऊ."

वर्षभरात एवढं साधं मला कुणी बोललं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं माझा गळा चाचपला, जीभ बघितली, रक्त काढायला लावलं. रिपोर्ट आल्यावर सांगितलं, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद झालीय. गोळी रोज घ्यायची. सकाळी, उपाशीपोटी. चहासुद्धा नंतर. आणि बहुतेक जन्मभर.

मी खाली बघितलं. आबानं विचारलं, "जल्मभर?"

"हो, बाबा."

"मग खायाची," आबा मला म्हणाला. "मीठ खातोच की आपुन जल्मभर."

गोळीनं सूज हळूहळू उतरली. थंडी कमी झाली, आवाज थोडा परत आला. मन मात्र आलं नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरणीनं विचारलं, "झोप लागते? कशात जीव लागतो?" मी म्हणाले, "कशातच न्हाई." तिनं मला दवाखान्यातच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या दारावरची पाटी वाचून मी बाहेरच थांबले. वाटलं, आता आबा म्हणणार, पोरगी येडी झाली. आबाला वाचता येत नव्हतं. मीच त्याला पाटी वाचून दाखवली.

तो म्हणाला, "चल की मग."

डॉक्टरांनी लय वेळ ऐकून घेतलं. याला डिप्रेशन म्हणतात, म्हणाले. थायरॉईडनं ते येतं, वाढतं. कधी त्या गोळीनं जातं, कधी त्याला वेगळं औषध लागतं. तुला लागेल. गुण यायला काही आठवडे जातील, मधेच सोडू नको. बाहेर आल्यावर आबा एवढंच बोलला, "दोन्ही गोळ्या घे, बाय. एकबी चुकवू नगंस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा गेला. शेतात, मेंढरांजवळ. दुपारी झाडाखाली टेकला तो उठला नाही.

मी वाडीवर पोचले तेव्हा भावानं त्याला घरी आणून अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. भावजय रडत होती. मी त्याच्या पायाशी बसले. त्याचे पाय धरले. टाचांच्या भेगांत अजून माती होती. मला कळत होतं, माझं म्हणावं असं माणूस हे एवढंच होतं आणि ते आता नाही. पण डोळ्यांतून थेंब येईना. मी आत कुठंतरी हाका मारत होते आणि बाहेर काहीच येत नव्हतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाच्या मढ्यापुढं बसलीया न् डोळं कोरडं. काळीज हाय का धोंडा?"

मी मान वर केली नाही. तिला काय सांगणार होते? मलाच ते वाटत होतं.

दिवस घालून परत सांगलीला आले. येताना मिरजेला उतरून दोन्ही औषधं घेतली. सरळ कामावर गेले.

आमच्या दुकानात संध्याकाळी बाहेर पडताना पोरींच्या पिशव्या तपासायची रीत होती. फक्त पोरींच्या. त्या दिवशी मालकीण स्वतः बसली होती. दोन-तीन गिऱ्हाइकं अजून गादीवर होती. तिनं माझी पिशवी काउंटरवर ओतली. डबा, रुमाल, औषधं.

"थायरॉईड?" बाटली फिरवत ती म्हणाली. "ही तर माझीच गोळी. मला कित्येक वर्षं आहे. त्याचं काय एवढं?"

मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की दुपारी ती वरच्या एसीच्या खोलीत पडदे ओढून झोपते आणि खाली आम्हाला सांगितलेलं असतं, जिन्यात पाय वाजवू नका, बाईंची तब्येत बरी नाही. तोच गळा. तीच गोळी. तिची ती तब्येत, आणि माझा तो आळस.

मग तिनं दुसऱ्या गोळ्यांची स्ट्रिप उचलली. "आणि ही कसली?"

"मनाच्या आजाराची."

"म्हणजे डिप्रेशन?" ती गिऱ्हाइकांकडं बघून हसली. "तुमच्यात कुठं असतं हे? शिकल्यासवरल्यांची दुखणी ही. आणि बाप मेला म्हणून सुट्टी घेतलीस ना? डोळे तर सुजलेले दिसत नाहीत."

सुनंदाचा हात तोंडावर गेला.

मी ओरडले नाही. माझ्या आवाजात तेवढं बळच नव्हतं. मी काउंटरवर हात पसरला.

"गोळ्या द्या, बाई."

तिनं दिल्या नाहीत. मीच तिच्या बोटांतून स्ट्रिप काढून घेतली. बाटली घेतली. डबा घेतला. एकेक वस्तू पिशवीत भरली. मग म्हणाले, "आमच्यात बी असतंय, बाई. तुमी आळशी म्हनलासा, मी मान खाली घातली. खोळ म्हनलासा, मी हसले. आता न्हाई. ही माझी दोन दुखणी हाइत. आन् माझ्या बाचं नाव तुमच्या तोंडातनं परत यायचं न्हाई."

"उद्यापासून मागच्या खोलीतसुद्धा जागा नाही तुला," ती म्हणाली.

"मी बसणार बी न्हवते तितं."

मी पायरी उतरले. फार मोठं काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. खोलीवर जाऊन पडले ती कित्येक दिवस पडूनच होते. सुनंदा भाकरी ठेवून कामावर जायची, ती भाकरी तशीच वाळायची. फक्त गोळ्या चुकवल्या नाहीत. तेवढंच जमत होतं.

पुढं काम शोधायला निघाले तेव्हा ठरवलं, लपवायचं नाही. प्रत्येक दुकानात आधीच सांगितलं. मला थायरॉईड हाय, डिप्रेशन हाय. अधूनमधून मिरजेला जावं लागतं. काही जणांनी नीट तोंडसुद्धा वर केलं नाही. एकानं "आम्ही कळवतो" म्हटलं. शेवटी फॉल-पिकोच्या एका लहानशा दुकानात मशीनवर बसले. तिथल्या बाईंनी विचारलं, "काम येतंय न्हवं?" मी म्हणाले, "येतंय." बस्स.

मी बरी झालेली नाही. हे स्पष्ट सांगते, कारण बरी झाल्याची गोष्ट लोकांना आवडते. काही सकाळी अजून अंग उचलत नाही. आबासाठी मला अजून रडू आलेलं नाही. कधी येईल, येईल का, मला ठाऊक नाही. त्याचा जाब मी आता कुणाला देणार नाही. वाडीला नाही, भावजयीला नाही, दुकानाला तर नाहीच.

रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. रात्री दुसरी. डॉक्टर थांब म्हणेपर्यंत घेणार. कुणी विचारलं तर दोन्ही आजारांची नावं सांगते, जशीच्या तशी, आवाज न उतरवता. माझ्या दुखण्याचं नाव दुसऱ्यानं ठेवायचे दिवस संपले. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कान झाकावेत. मी बोलायची थांबणार नाही.