उन्हात धरलेलं इंग्रजी

पनवेलमध्ये इंग्रजी बोलणारी माणसं आता पैशाला पासरी मिळतात, पण इंग्रजी भाषा कापडासारखी उलगडून, दोन बोटांत चोळून आणि उन्हात धरून बघणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आमच्या आळीच्या तोंडावरचे मॅचिंगवाले काका. त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती पाटी वर मान करून वाचायची वेळ कुणावर आलेली नाही. बायका साडी पिशवीत टाकतात, "मॅचिंगवाल्यांकडे जाऊन येते गं" म्हणतात आणि निघतात. दुकान एवढं अरुंद की दोन जाड बायका आत शिरल्या तर तिसरीला पायरीवरूनच रंग सांगावा लागतो. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजपीसच्या घड्या, दाराच्या उजव्या हाताला पांढऱ्यापासून सुरू होऊन डाव्या हाताला काळ्यापाशी संपणाऱ्या. मधल्या स्टुलावर काका. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि मांडीवर त्यांची ती प्रसिद्ध वही.

काका स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत उडालेले. त्यानंतर मुंबईच्या कापडबाजारात चार वर्षं नोकरी केली, तेव्हा गिरण्यांकडून शेडकार्डं यायची. प्रत्येक रंगीत पट्टीखाली तिचं इंग्रजी नाव छापलेलं. काकांना शब्द अडला की चैन पडत नसे. रस्ट म्हणजे गंज, मस्टर्ड म्हणजे मोहरी, ओनियन पिंक म्हणजे कांद्याच्या सालीचा गुलाबी, असं करत करत एकेका शेडकार्डातून किराणा दुकान, भाजीबाजार आणि निम्मं प्राणिसंग्रहालय त्यांच्या पदरात पडलं. प्रत्येक शब्द वहीत लिहायचा, त्याचा अर्थ लिहायचा आणि शेजारी त्या रंगाच्या कापडाचा नखाएवढा तुकडा डिंकाने चिकटवायचा. वही इतकी फुगली की मिटेना, म्हणून तिला जुन्या ब्लाउजची नाडी बांधलेली असे. एकदा खारघरच्या टॉवरमधल्या एक बाई गाडी लांब उभी करून आल्या आणि गॉगल कपाळावर चढवत म्हणाल्या, "डू यू हॅव समथिंग इन टील?" काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "टील इज अ डक, मॅडम. विच पार्ट ऑफ द डक?" बाई आधी रागावल्या, मग हसायला लागल्या, आणि बदकाच्या नेमक्या मानेच्या रंगाचे तीन पीस घेऊन गेल्या.

मी आठवीत असताना आई मला फॉल आणायला पाठवायची. सहामाहीत इंग्रजीत नापास झाल्याचं आईने फॉलच्या रंगाबरोबर काकांनाही सांगून टाकलं होतं. मी पायरीवर मान खाली घालून उभी. काका म्हणाले, "अगं, त्यात रडायचं काय? इंग्रजी म्हणजे दुसरं काही नाही, मॅचिंग आहे." आणि तिथल्या तिथे माझी शिकवणी सुरू झाली, ती दहावी होईपर्यंत चालली. कर्ता म्हणजे साडी, क्रियापद म्हणजे ब्लाउज. साडी बघायची आणि ब्लाउज काढायचा, उलटं करायचं नाही. ही, शी, इट ही एकेकटी साडी, तिच्या ब्लाउजला एसची लेस लागते. दे म्हणजे घोळका, तो मुळातच भरगच्च, त्याला लेस लावली की भडक दिसतं. प्रिपोझिशन म्हणजे फॉल. फॉल नसला तरी साडी नेसता येते, पण चालायला लागलं की पायात येते. शाळेत 'अ' आणि 'द' मला तीन वर्षं कळले नव्हते, ते काकांनी एका गिऱ्हाइकावर दाखवून दिले. घडीतून काढून बाईंसमोर टाकला तो 'अ पीस'. बाईंनी त्याला हात लावला की झाला 'द पीस'.

त्यांचा भूतकाळ धुण्याच्या बादलीत असायचा. "वॉक धुतलं, वॉक्ड झालं. रंग तोच राहिला. पक्का. आता गो धुवून बघ. वेंट! अख्खा रंग उतरला. हे कच्चे रंग वेगळे भिजवायचे, नाहीतर सगळ्या धुण्याची वाट लागते." कच्च्या रंगांची यादी वहीच्या शेवटी होती आणि ती पाठ झाल्याशिवाय मला फॉल मिळत नसे. कट या क्रियापदावर मात्र त्यांचा जीव. कट, कट, कट. कितीही धुवा. ते म्हणताना काका कात्री हवेत तीनदा वाजवायचे, आणि घरी फॉलची वाट बघत बसलेल्या आईला, एवढा वेळ का लागला, हे मला काही केल्या सांगता यायचं नाही.

रंगांवरून जे वाक्प्रचार येतात, त्यांच्यासाठी वहीत वेगळा भाग होता. मत्सराने माणूस हिरवा होतो हे काकांना पटलं, पण नेमका कुठला हिरवा, यावर दोन दिवस गेले. शेवटी पोपटी बाद झाला. "पोपटी आनंदी रंग आहे गं. मत्सर साचून राहतो," असं म्हणत त्यांनी शेवाळी तुकडा डकवला. ब्ल्यू म्हणजे उदास, हे त्यांना जरा खटकलं होतं. आपल्याकडे निळा म्हटलं की कृष्ण आठवतो, तिकडे ऊन कमी म्हणून तसं होत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. इंग्रजीत आमसुलीला शब्द नाही याबद्दल तर त्यांना इंग्रजांची कीव यायची. आणि एक नोंद त्यांनी लिहून वर पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती. व्हाइट लाय. दुसऱ्याचं मन दुखू नये म्हणून बोललेलं खोटं. त्या नोंदीपुढे तुकडा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "खोटं ते खोटं, पांढरं कसलं? पांढऱ्यावर तर डाग पहिला दिसतो. हा शब्द आपल्या दुकानात चालायचा नाही."

तो खरोखरच चालत नसे. दुकानातली ट्यूबलाइट खोटं बोलते असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून प्रत्येक साडी आणि प्रत्येक पीस घेऊन ते पायरीवर येणार, दोन्ही उन्हात धरणार, डोळे बारीक करणार आणि मान हलवणार. मान आडवी हलली तर गिऱ्हाईक कितीही गयावया करो, पीस परत घडीत. एकदा दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न असलेली बाई रडकुंडीला आली होती, "अहो काका, एवढासा फरक कुणाला कळतोय?" काका म्हणाले, "मला कळतोय ना." आणि टपाल नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता कागदावर लिहून तिच्या हातात दिला. काकू आतून कपाळाला हात लावत होत्या.

मी पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, बी.एड. झाले. बऱ्याच ठिकाणी हंगामी काम केल्यावर पाच वर्षांपूर्वी, जिथे आठवीत नापास झाले होते त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. पहिल्या दिवसासाठी नेव्ही ब्ल्यू साडी घेतली आणि पिशवीत घालून थेट काकांकडे. काका इतके हरखले की स्टुलावरून उठताना वही पडली. पीस त्यांनी स्वतःच्या हाताने काढला, पायरीवर आले, उन्हात धरला आणि मान उभी हलवली. "परफेक्ट!"

तो पीस जांभळा होता. पिकलेल्या जांभळाइतका जांभळा. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फॉलच्या घड्या घालायला लागल्या. मी म्हणाले, "एकदम मॅच, काका." आणि तोच ब्लाउज शिवून घालून मी शाळेत गेले. शेवटच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. त्यांना मी सब्जेक्ट आणि व्हर्बचं मॅचिंग शिकवत होते.

हळूहळू समजलं की ही गोष्ट एकट्या माझी नव्हती. समोर सात मजली इमारत झाल्यापासून पायरीवर अकरानंतर ऊन येत नाही, त्यामुळे काका म्हणायचे, "उजेड कमी झालाय हल्ली." आळीतल्या बायका "हो ना" म्हणायच्या, चुकलेला पीस मुकाट्याने घ्यायच्या आणि दुपारी काका झोपले की काकूंकडून बदलून न्यायच्या. गव्हाणच्या एक बाई तर हळदीसाठी भावकीतल्या सगळ्या बायकांच्या निळ्या साड्यांवर ब्लाउज घ्यायला टेम्पो घेऊन आल्या होत्या. काकांनी चाळीस पीस काढले. चाळीसच्या चाळीस काळे. बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "काका, तुमचा हात कोन धरनार नाय!" काकूंनी त्यांना हळूच बाजूला घेऊन बदलून देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या वयनी. माज्या लग्नाचा पीस यांनीच दिला व्हता, उन्हात उभं राहून. आमी सांगू, ही नवी फॅशन हाय." त्या वर्षी उलव्यापर्यंतच्या हळदींमध्ये निळ्यावर काळा घालायची टूम निघाली, ती यामुळे.

प्रश्न असा होता की काकांना सांगणार कोण? डोळा हीच त्यांची सगळी मिळकत आणि सगळा अभिमान. काकू म्हणायच्या, "मी सांगितलं तर ते दुकानाचं शटरच खाली ओढतील गं. मग दिवसभर करतील काय?" डॉक्टरांचं नाव काढलं की काका चिडायचे. असंच वर्ष गेलं, आणि शेवटी त्यांना त्यांच्या इंग्रजीनेच पकडलं.

एका गिरणीचं नवं शेडकार्ड आलं. काका नेहमीप्रमाणे नावं वाचायला बसले. एका पट्टीखाली नेव्ही, शेजारी पर्पल, त्याच्या शेजारी ब्लॅक. काकांना तिन्ही पट्ट्या सारख्याच दिसल्या. छापणाऱ्याचा हा हलगर्जीपणा बघून त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी गिरणीला इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलं. रविवारी मला बोलावून घेतलं. "बाई झालीस ना आता? चूक काढ."

पानभर पत्र होतं. 'युअर नेव्ही इज ब्लॅक, सर, अँड युअर पर्पल इज ऑल्सो ब्लॅक.' प्रत्येक साडीला तिचा ब्लाउज होता. एकही लेस विसरलेली नव्हती, सगळे फॉल जागच्या जागी, कच्चे रंग वेगळे भिजवलेले. इतकं नीटस पत्र माझ्या वर्गातल्या एकाही मुलीने कधी लिहिलेलं नाही. मी ते दोनदा वाचलं, कारण वाचून संपलं की बोलावं लागणार होतं. शेडकार्डावर त्या तीन पट्ट्या तीन वेगळ्या रंगांच्या अगदी स्पष्ट दिसत होत्या.

"कुठे चुकलंय?" काका म्हणाले.

"व्याकरणात कुठेच नाही, काका."

 काका शेडकार्ड घेऊन पायरीवर गेले. सकाळचे दहा वाजले होते, ऊन होतं. बराच वेळ ते कार्ड तिरकं करून, जवळ घेऊन, लांब धरून बघत उभे राहिले. मला इतकं वाईट वाटत होतं की पत्र परत घडी करून पिशवीत घालावं आणि पळून जावं असं वाटलं. काकू काउंटर घट्ट धरून उभ्या होत्या. आत आल्यावर काका एवढंच म्हणाले, "डॉक्टरांचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. एकामागून एक दोन्ही ऑपरेशनं झाली. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा दुकान उघडलं, तेव्हा मी मुद्दाम गेले होते. काका डाव्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या घड्या. निळ्यांत जांभळे शिरलेले, जांभळ्यांत काळे, काळ्यांत बाटलीहिरवे. त्यांनी एक निळा पीस ओढून काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. "ह्याला ते लोक उदास म्हणतात?" असं त्यांनी विचारलं. मग वळून म्हणाले, "तुझी ती नेव्ही साडी घेऊन ये. ब्लाउजही आण."

मी खूप टाळाटाळ केली. धुवायला टाकलीय म्हटलं. काका ऐकेनात. शेवटी आणली. त्यांनी पायरीवर उभं राहून साडी आणि ब्लाउज उन्हात धरले. मान हलली नाही, ना उभी, ना आडवी.

"यू न्यू," ते म्हणाले. मग स्वतःच थांबले आणि दुरुस्त केलं. "नाही. यू हॅव नोन. पहिल्या दिवसापासून, आजपर्यंत."

"हो, काका."

"आणि सगळ्यांनीच?"

काकूंनी मान खाली घातली. काका स्टुलावर बसले, वहीची नाडी सोडली, पानं उलटत उलटत त्या आडव्या रेघेपाशी आले. खोडरबर घेऊन ती रेघ त्यांनी सावकाश पुसली. मग कात्रीने अस्तराच्या पांढऱ्या ताग्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि व्हाइट लायच्या पुढे चिकटवला. "अस्तर आहे हे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाहेरून दिसत नाही. पण वरचं कापड अंगाला टोचू देत नाही."

हल्ली काका अकरापर्यंतच दुकान उघडं ठेवतात. पायरीवर ऊन असतं तेवढाच वेळ. बायका तयार ब्लाउज घेतात, मोबाइलवरून मागवतात, आळीत फारशी गर्दी नसते. त्या दिवशी काकांनी मला खऱ्या नेव्ही ब्ल्यूचा पीस कापून दिला होता, अगदी तंतोतंत. तो माझ्या कपाटात घडीतच आहे. दर जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मी त्या साडीवर तो जांभळा ब्लाउजच घालते, आणि जाता जाता पायरीपाशी थांबते. काका वरपासून खालपर्यंत बघतात.

"शिवला नाहीस अजून?"

"टेलरकडे दिलाय, काका. त्याला वेळच नाही."

काका चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. "बरोबर आहे," ते म्हणतात, "टेलर हॅज बीन बिझी." आणि माझ्या खांद्यावरचा पदर नीट करून मला शाळेत पाठवतात.