चाळीस कोंबड्या

कोलंबियातल्या लोरिका गावच्या नेरेइदाने पोटुशी असतानाच बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्च मांडून ठेवला होता. डायपर, दूध पावडर, औषधं, अगदी टोपडीसुद्धा. शिवणकाम करून साठवलेले पेसो तिने आई एदिल्माबाईंकडे जपायला दिले, आणि तिथेच घोडचूक झाली. बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येते, तो परसात चाळीस कोंबड्यांचा कलकलाट! बाळंतिणीचे चाळीस दिवस, रोज एका कोंबडीचा रस्सा, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवशी आई रश्श्याची वाटी घेऊन आली, तशी नेरेइदा भडकली.

"आई, डायपरचे पैसे कोंबड्यांत घातलेस? आता पोराला काय पिसं गुंडाळू?"

"जुन्या चादरी फाड. तुला नाही का तशीच वाढवली?"

"अगं, वर्षाचा हिशेब केला होता मी! पै न् पैचा!" नेरेइदाने कागद आईपुढे आपटला.

एदिल्माबाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत तो शेवटपर्यंत वाचला.

"पोराच्या टोपड्यापर्यंत सगळं आहे. यात तू कुठे आहेस?"

नेरेइदाने कागद हिसकावून दोनदा वाचला. मग त्याचा बोळा करून फणकारली, "आण ती वाटी इकडे. आणि मीठ नीट घाल, कालचा रस्सा अळणी होता!"